मुलगा ‘काही नाही’ म्हणतो तेव्हा

दहावीचा निकाल लागला की भंडारा, तुमसर, पवनीकडची कितीतरी मुले नागपूरच्या वसतिगृहांत जातात. भंडाऱ्याहून अंतर साठेक किलोमीटर, पण दिवाळीला घरी आलेला मुलगा निराळाच वाटतो. दुपारपर्यंत झोपतो, कमी बोलतो. ‘काय झालं रे?’ म्हटले की ‘काही नाही.’

ही अवस्था मराठीत नेमकी उतरली ती भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त. कादंबरी 1963 ची, लेखक तेव्हा पंचविशीतले. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्यात शिकायला येतो. वसतिगृह, खाणावळ, उधारी, वडिलांशी ताण, शेवटी नापास होऊन गावी परत. मधेच धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते आणि पांडुरंगचे दुःख संतापाच्या वाटेने बाहेर पडते. पात्राला आजाराचे नाव चिकटवण्यात अर्थ नाही. पण डॉक्टरांना हे ओळखीचे वाटेल. या वयातले नैराश्य नेहमी रडून दिसत नाही. अनेकदा ते चिडचिडीच्या रूपाने येते आणि घरचे त्याला उद्धटपणा म्हणतात.

उशिरा झोपणे मात्र निव्वळ आळस नव्हे. वयात येताना झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, आणि गरज तर आठ ते दहा तासांची असते. भावना चेतवणारे मेंदूचे भाग आधी जोर धरतात. त्यांना आवरणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत घडत राहतो. त्यामुळे थोडे दूर जाणे, वाद घालणे हे वाढीचेच लक्षण.

काळजी कधी करावी? उदासी किंवा चिडचिड दोन आठवडे जवळजवळ रोज टिकली, आवडता खेळ सुटला, मित्र तुटले, भूक आणि झोप बिघडली, तर डॉक्टरांना दाखवावे. मरणाची भाषा तोंडी आली तर एक दिवसही थांबू नये, मुलाला एकटे सोडू नये. तसे विचार येतात का, हे सरळ विचारल्याने ते वाढत नाहीत.

केंद्राची ‘टेली मानस’ सेवा 14416 वर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येते. फोन पालकांनीही करावा. मुलाशी बोलताना पहिला प्रश्न टक्क्यांचा नको. जेवण कसे मिळते, खोलीत कोण आहे, तिथूनही सुरुवात होते.