सागरी सहल : भोजन आणि हिशेब

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकणात जाणारी जुनी पिढी शिदोरी बांधूनच निघत असे. बोट हे तिच्या लेखी केवळ वाहन होते. आजचे क्रूझ जहाज मात्र मुक्कामाचे ठिकाण असते आणि तेथील भोजन हा सहलीचाच एक भाग मानला जातो. सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून सफरीवर निघू लागले. सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरींनाही भारतीय प्रवाशांची पसंती असते. इंदूर-बडोद्यापासून बेंगळुरूपर्यंतच्या आपल्या ग्राहकांना अशा वेळी मुख्यतः दोन प्रश्न पडतात : आपल्याला चालेल असे जेवण मिळेल काय, आणि तिकिटाखेरीज खर्च किती होईल?

‘भोजन तिकिटात समाविष्ट’ हे शब्द माहितीपत्रकात ठळक असतात. त्यांची मर्यादा बारीक अक्षरांत असते. मुख्य भोजनगृह आणि बुफे यांचा समावेश बहुधा तिकिटात असतो. मद्य, शीतपेये, बाटलीबंद पाणी, खास उपाहारगृहे आणि काही जहाजांवर खोलीत मागविलेले खाणे यांचे पैसे निराळे पडतात. शिवाय बहुतेक जहाजांवर दर माणशी, दर रात्री सेवाशुल्क आकारले जाते. ते पुष्कळदा लहान मुलांनाही लागू असते. चौघांच्या कुटुंबाने हा गुणाकार घरीच करून पाहावा.

जेवणाच्या वेळेचाही विचार आरक्षणाच्या वेळीच करावा. काही जहाजांवर सायंकाळी सहाच्या सुमारास एक व आठनंतर दुसरी अशा दोन ठरावीक पंगती असतात. काहींवर हव्या त्या वेळी जाता येते. आपल्या सवयीला दुसरी पंगत जवळची वाटते, पण मधुमेही वा वृद्ध प्रवाशांना पहिलीच सोयीची पडते. ठरावीक पंगतीत अनोळखी कुटुंबासमवेत एकाच मेजावर बसावे लागण्याचा संभव असतो. स्वतंत्र मेज हवे असल्यास तशी विनंती आधी नोंदवावी. औपचारिक पोशाखाच्या रात्रीसाठी नवा सूट शिवण्याचे कारण नाही. साडी किंवा बंद गळ्याचा कोट तेथे सन्मानाने चालतो.

शाकाहाराचा प्रश्न अधिक नाजूक आहे. परदेशी स्वयंपाकघरात ‘शाकाहारी’ याचा अर्थ मांस-मासे वगळलेले अन्न एवढाच घेतला जातो. अंडे त्यात सहज सामावते. भाज्यांच्या सूपचा आधार मांसाचा अर्क असू शकतो, थरथरणाऱ्या पुडिंगमध्ये प्राणिज जिलेटिन असू शकते आणि आग्नेय आशियाई रश्श्यांत माशाचा सॉस किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी वाटणातच मिसळलेली असते. म्हणून ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढे सांगून भागत नाही. अंडे चालते की नाही, कांदा-लसूण व कंदमुळे वर्ज्य आहेत काय, शेंगदाण्याची अॅलर्जी आहे काय, हे आरक्षण करतानाच लेखी कळवावे. जहाजाचा शिधा बंदरातच भरला जातो. भर समुद्रात आयत्या वेळी जैन भोजन मागितल्यास आचाऱ्याची कितीही इच्छा असली तरी त्याचा इलाज चालत नाही. जहाजावर पोहोचताच पहिल्याच सायंकाळी मुख्य वाढप्याची गाठ घ्यावी. दुसऱ्या दिवशीच्या भारतीय पदार्थांची मागणी आदल्या रात्री घेण्याची पद्धत अनेक जहाजांवर आहे, परंतु न विचारणाऱ्यास ती ठाऊकच होत नाही.

आचेवर टम्म फुगलेल्या फुलक्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. आगीच्या भीतीने जहाजावरील स्वयंपाक मुख्यतः विजेवर चालतो. याच कारणाने प्रवाशांच्या विजेच्या किटल्या व इस्त्र्या तपासणीत काढून ठेवल्या जातात. घरचे लाडू-चिवडा नेण्याचा मोह आपल्याला आवरत नाही, हे खरे. पण घरगुती पदार्थांना बहुतेक कंपन्यांची मनाई असते. कारखान्यात सीलबंद केलेले कोरडे पदार्थ सहसा चालतात. जहाजावरील फळ वा सँडविच पिशवीत घालून बंदरावर उतरणे टाळावे. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे त्यासाठी जबर दंड होतो. उपवासाला साबुदाणा मिळाला नाही तरी फळे, दही आणि उकडलेले बटाटे मिळतात. संकष्टीचा चंद्रोदय मात्र पुण्याच्या पंचांगावरून पाहू नये!

बुफेला जाण्यापूर्वी साबणाने हात धुणे हा केवळ शिष्टाचार नव्हे. जहाजांवर उलट्या-जुलाबांची साथ पसरविणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा परिणाम फारसा होत नाही. बोट लागण्यावरील गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने बरोबर ठेवावी. जहाजावरील दवाखान्याचे शुल्क मोठे असते, म्हणून प्रवास विम्यात समुद्रावरून रुग्णास हलविण्याचा खर्च अंतर्भूत आहे ना, हे पाहून घ्यावे. सिंगापूरहून निघून तेथेच परतणाऱ्यास तेथे दोनदा प्रवेश करावा लागतो; व्हिसा त्यानुसार असावा.

आता हिशेबाकडे वळू. जहाजावर रोख रकमेचा व्यवहार जवळजवळ नसतो. खोलीची किल्ली असलेले कार्ड दाखविले की खर्च खात्यावर चढतो आणि शेवटी आपल्या बँक कार्डातून वळता होतो. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या परिपत्रकानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरापुरतेच सुरू करून दिले जाते. आंतरराष्ट्रीय वापराची सुविधा ग्राहकाने स्वतः सुरू करावयाची असते. हे काम निघण्यापूर्वी उरकावे, कारण समुद्रात मोबाइलवर ओटीपी येईलच याची शाश्वती नसते आणि जहाजाच्या उपग्रह जाळ्यावरील रोमिंग महागडे असते.

जहाजावर चढताना कंपनी कार्डावर काही रक्कम राखून ठेवते. समजा ३०० डॉलर राखले आणि प्रत्यक्ष खर्च १८० डॉलर झाला. क्रेडिट कार्डावर तेवढी मर्यादा काही दिवस अडकते, एवढेच. डेबिट कार्ड दिले असल्यास मात्र ३०० डॉलरांची रक्कम खात्यात गोठते आणि १८० डॉलरांची वजावटही होते. राखीव रक्कम मोकळी होईपर्यंत एखादा गृहकर्जाचा हप्ता त्यामुळे परत जाऊ शकतो. म्हणून या कामी क्रेडिट कार्डच द्यावे, असे आमचे मत आहे. ‘रुपयांत आकारणी करू काय?’ असे विचारल्यास नकार द्यावा. त्या दरात विक्रेत्याच्या बाजूचा नफा मिळविलेला असतो.

अखेरच्या रात्रीच खर्चाचा तपशील मागवून तपासावा. उतरण्याच्या सकाळी स्वागतकक्षासमोर मोठी रांग असते. अंतिम बिलाची प्रत जपून ठेवावी. राखीव रक्कम यथावकाश मोकळी न झाल्यास ती प्रत घेऊन आपल्या शाखेत यावे.