गोळी गिळली जाते का? उष्णकटिबंधीय रोगांचे संशोधन आणि समाजशास्त्रज्ञांची अनुदाने

टांझानियाच्या किनाऱ्यावरील बागामोयो जिल्ह्यात 1990 च्या दशकात एक प्रश्न डॉक्टरांना सतावत होता. तीव्र हिवतापाने झटके येणारी मुले रुग्णालयात फार उशिरा पोहोचत. आयांना मुलांची काळजी नव्हती, असे मुळीच नव्हते. संशोधकांनी त्यांच्याशी स्वाहिलीत सविस्तर संवाद साधला तेव्हा कारण उलगडले. साधा ताप म्हणजे ‘होमा’ आणि झटके म्हणजे ‘देगेदेगे’, असे त्यांच्या लेखी दोन स्वतंत्र आजार होते. तापावर दवाखान्याची गोळी चालत असे. झटके मात्र पक्ष्याच्या रूपातील बाधेमुळे येतात, ही समजूत असल्याने मुलाला आधी वैदूकडे नेले जाई. अशा मुलाला इंजेक्शन टोचले तर ते दगावते, अशीही भीती होती.

हे कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसले नसते. ते शोधण्यासाठी भाषा जाणणारा, ऐकण्याचे शिक्षण घेतलेला माणूस लागतो आणि असा माणूस घडवायला पैसा लागतो. ज्या देशांत हे रोग आहेत, तेथील विद्यापीठांकडे तो क्वचितच असतो. ही उणीव भरून काढण्याचे काम प्रामुख्याने एका आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाने केले.

उष्णकटिबंधीय रोगांविषयीच्या संशोधन व प्रशिक्षणाचा विशेष कार्यक्रम 1975 मध्ये स्थापन झाला. ‘टीडीआर’ या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो. त्याचे कार्यालय जिनिव्हात, जागतिक आरोग्य संघटनेत आहे. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि पुढे युनिसेफ हे त्याचे सहप्रायोजक. हिवताप, हत्तीरोग, कुष्ठरोग, काळा आजार, निद्रारोग अशा रोगांवर नवी औषधे शोधणे आणि रोगग्रस्त देशांतच संशोधक घडवणे, ही त्याची दोन उद्दिष्टे. चार-पाच वर्षांतच, 1979 च्या सुमारास, सामाजिक व आर्थिक संशोधनासाठी स्वतंत्र गट नेमला गेला. त्या काळी हा निर्णय धाडसाचाच म्हणावा लागेल, कारण वैद्यकीय वर्तुळात समाजशास्त्रज्ञाला प्रश्नावली भरून आणणारा मदतनीस समजण्याची रीत होती. ती आजही पुरती गेलेली नाही.

या गुंतवणुकीतून काय निघाले, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. लघवीतून रक्त जाणे हे मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे ठळक लक्षण. गावोगावी नमुने गोळा करून तपासणे खर्चिक होते. टांझानियाच्याच किलोसा जिल्ह्यात शाळेतील शिक्षकांनी मुलांना साधे प्रश्न विचारले आणि त्या उत्तरांवरून सर्वाधिक धोक्याच्या शाळा ओळखता आल्या. ही पद्धत पुढे आफ्रिकेतील अनेक देशांत तपासली गेली आणि बव्हंशी खरी ठरली.

दुसरे उदाहरण अधिक मोठे आहे. ‘नदीकाठचे अंधत्व’ म्हणून ओळखला जाणारा ऑन्कोसर्कायसिस हा डोळ्यांचा रोग समजला जाई. जंगलपट्ट्यात अंधत्व कमी, म्हणून तेथे त्याचे फारसे महत्त्व नाही, असा हिशेब होता. टीडीआरच्या पाठबळाने झालेल्या सामाजिक अभ्यासांनी तो खोडून काढला. रात्रंदिवस सुटणारी खाज, त्वचेमुळे वाट्याला येणारा कमीपणा, मुलींच्या लग्नात येणाऱ्या अडचणी हे सारे प्रथमच मोजले गेले. 1995 मध्ये आफ्रिकेसाठी नवा नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यामागे या अभ्यासांचा मोठा आधार होता. आयव्हरमेक्टिन हे औषध 1987 पासून मर्क कंपनी विनामूल्य देत होती. अडचण होती ती वाटपाची. वाटप कधी, कसे आणि कोणी करायचे, हे गावानेच ठरवले तर अधिक लोक औषध घेतात, हे बहुदेशीय अभ्यासातून दिसले. उंचीच्या खुणा केलेली काठी घेऊन मात्रा ठरवणारे गावचेच स्वयंसेवक पुढे दरवर्षी सुमारे 10 कोटी लोकांपर्यंत पोहोचले.

या कथेत मुंबईचाही वाटा आहे. कुष्ठरुग्ण आपल्या आजाराचा अर्थ कसा लावतात आणि त्यांना कलंकाची झळ किती बसते, हे जाणण्यासाठी मिचेल वाइस आणि त्यांच्या मुंबईतील सहकाऱ्यांनी मुलाखतीची एक पद्धत विकसित केली. ती 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. आफ्रिकेतील त्वचारोगाचा कलंक मोजताना हीच पद्धत वापरली गेली. महाराष्ट्रातील कुष्ठरोगाच्या अभ्यासात घरातल्या दुराव्याचा फटका स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक बसतो, असेही आढळले होते.

प्रशिक्षण अनुदानांची रचना समजून घेण्यासारखी आहे. ती रोगग्रस्त, अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील नागरिकांसाठी असतात. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या, पण मायदेशी काम करू इच्छिणाऱ्या मराठी संशोधकाला हे खटकेल. तरी उद्देश परतणाऱ्यांना बळ देण्याचा आहे. म्हणूनच पदवीनंतर मायदेशी रुजू होणाऱ्यांसाठी ‘पुनःप्रवेश’ अनुदानही दिले जाई. 2015 पासून पदव्युत्तर शिष्यवृत्त्या रोगग्रस्त प्रदेशांतील विद्यापीठांमार्फतच दिल्या जाऊ लागल्या. पहिल्या सातांत ढाक्याचे ब्रॅक, इंडोनेशियाचे गाजा मादा, घाना आणि झांबिया विद्यापीठ होते.

दुखणे आहे ते पदवीनंतरचे. वैद्यकीय संस्थेत मानववंशशास्त्रज्ञाला कायमचे पद सहसा नसते आणि समाजशास्त्र विभागाला हत्तीरोग आपला विषय वाटत नाही. मग हा प्रशिक्षित माणूस एका प्रकल्पाच्या करारावरून दुसऱ्यावर जातो आणि प्रश्न ठरवण्याऐवजी दुसऱ्यांचे प्रश्न विचारत राहतो. नव्या शिष्यवृत्त्यांचा भर कार्यक्रमांच्या अंमलबजावणीवर आहे. तो उपयुक्त असला, तरी ‘देगेदेगे’चा उलगडा होण्यासाठी जे सैल, दीर्घ ऐकणे लागले, त्याला अशा चौकटीत जागा मिळणे कठीण आहे. त्यात अमेरिकेने जानेवारी 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला आणि परदेशी आरोग्य मदतीलाही कात्री लावली. खर्च आवळताना औषधाचा आकडा दाखवता येतो, ऐकण्याचा येत नाही.

गरज मात्र उरली आहे. हत्तीरोगासाठी नागपूर, गडचिरोलीत सामुदायिक औषधवाटप झाले आहे. अशा मोहिमेत कर्मचाऱ्यासमोरच गोळी घ्यावी, असा आग्रह धरला जातो, कारण हातात दिलेली गोळी गिळली जातेच असे नाही. सूज नाही, दुखणे नाही, मग निरोगी माणसाने औषध का घ्यावे, हा घरातल्या माणसाचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर गोंडी किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या माणसाला त्याच्या ओट्यावर बसून द्यावे लागते आणि त्याआधी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे लागते.