जवारी हरवते तेव्हा

तंबोरे जुळलेले असतात, गायक आवडता, रागही ओळखीचा. पण गाणे पूर्वीसारखे भिडत नाही. साठी ओलांडलेले अनेक रसिक आधी माइकवाल्याला दोष देतात, मग सभागृहाला, मग नव्या गायकीला. स्वतःच्या कानांचा विचार सर्वांत शेवटी येतो. तोवर काहींनी मैफलींना जाणेच सोडलेले असते.

वयानुसार येणारी श्रवणहानी सगळे आवाज एकदम हिरावून घेत नाही. प्रत्येक अंतर्कर्णात सुमारे १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. त्यांतल्या उंच स्वर टिपणाऱ्या पेशी आधी निकामी होतात आणि गेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. तो नीट ऐकू येतो. पण जवारीमुळे त्या षड्जावर उमटणारी, दोन-तीन हजार हर्ट्झच्याही वर जाणारी उपस्वरांची झालर विरते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळखही याच उंच पट्ट्यावर अवलंबून असते. म्हणून नाट्यपदाची चाल कळते, शब्द मात्र निसटतात.

काहींना हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा मोठा झाला की लगेच टोचतो. काहींना एकच सूर दोन कानांत वेगवेगळ्या उंचीचा भासतो. पेटी बेसूर वाटू लागली, तर तपासणी पेटीची नव्हे, कानाची करावी.

पहिली पायरी कान-नाक-घसातज्ज्ञ. कारण साचलेला मळ, पडद्याचे छिद्र, मध्यकर्णातील पाणी यांवर उपचार आहेत. कानात काडी किंवा तेल घालू नये. एक गोष्ट मात्र तातडीची: एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘सर्दीमुळे असेल’ म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जावे. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर सुरू होईल, तितकी ऐकू परत येण्याची आशा अधिक.

श्रवणयंत्र घेतल्यावर रसिकांची खरी निराशा होते. ‘बोलणे कळते, पण गाणे पत्र्यासारखे वाजते,’ ही तक्रार नेहमीची. त्यात यंत्र बिघडलेले नसते. ते मुळात बोलणे समजावे यासाठी जुळवलेले असते. सलग, न बदलणारा आवाज त्याला गोंगाट वाटतो, म्हणून तंबोरा दाबला जातो. बासरीचा लांबलेला सूर त्याला स्वतःचीच शिट्टी वाटते आणि तो सूर थरथरतो. त्यावर उपाय आहे. श्रवणतज्ज्ञाकडून यंत्रात संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम करून घ्यावा: गोंगाट व शिट्टी रोखणाऱ्या सुविधा बंद किंवा सौम्य, आणि मोठे आवाज न फाटता आत येतील अशी जुळणी. जाताना आवडती ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत, तिथेच ऐकून फरक सांगावा. एका भेटीत हे क्वचितच साधते.

मेंदूलाही सवयीला वेळ लागतो. काही आठवडे यंत्र रोज वापरावे. सुरुवात पाठ असलेल्या गाण्यांनी करावी, कारण स्मृती रिकाम्या जागा भरते. आधी एकच गळा किंवा एकच वाद्य, मग वाद्यवृंद. मैफलीत ध्वनिवर्धकासमोर न बसता, चांगला कान मंचाकडे येईल अशी जागा धरावी. कानात सतत गुणगुण असेल, तर रात्रीच्या शांततेत मंद तंबोरा लावून ठेवल्याने ती कमी जाणवते.

आणि जे ऐकू येते, ते जपावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला जेमतेम ४ तास उरतात. ढोल-ताशा पथकातील तरुणांनी, रियाजाला रोज बसणाऱ्या तबलजींनी आणि हेडफोन न काढणाऱ्यांनी हे गणित लक्षात ठेवावे. सगळे स्वर सारखेच मंद करणारे, वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात. ते घातले तरी ताल चुकत नाही.

चष्मा लागला म्हणून कोणी वाचन सोडत नाही. ऐकू कमी आले म्हणून गाणे सोडण्याचेही कारण नाही.