मळभ कोणावर येते?

कथा-कादंबऱ्यांतले मळभ बहुधा मनावर दाटते आणि एखाद्या पत्राने, एखाद्या हाकेने दूर होते. जुन्नर-आंबेगावात ते थेट द्राक्षबागेवर येते. तिथला बागायतदार हा शब्द फारसा वापरतही नाही. ‘वातावरण खराब झालंय’ म्हणतो आणि फवारणीच्या तयारीला लागतो.

ढगातला थेंब जेमतेम मिलिमीटरच्या एक-दोन शतांश जाडीचा. प्रकाशलहर त्याहूनही कितीतरी आखूड. अशा असंख्य थेंबांवर आदळत प्रकाश चहूकडे पांगतो. सूर्यबिंब हरवते आणि सावली न पाडणारा उजेड तेवढा उरतो. रात्री हेच ढग जमिनीतून निघालेली उष्णता शोषून काही खाली परत धाडतात, त्यामुळे अंगावर गोधडी घातल्यासारखी मळभाची रात्र उबदार राहते.

द्राक्षवेलीला ही ऊब मानवत नाही. सरींनी भिजलेले पान उन्हाअभावी लवकर वाळत नाही आणि त्या ओलीतून डावणीची बुरशी काही तासांत पानात शिरते. तेलकट डाग दिसतात ते काही दिवसांनी, तोवर आभाळ निवळलेलेही असते. भुरीला तर पान ओले असण्याचीही गरज नाही. मंद उजेड आणि दमट हवा तिला पुरते. सातगाव पठारावर बटाट्याचा करपाही असेच ढगाळ, ओले दिवस गाठतो. लेखकांनी शेतातून मळभ तेवढे उचलले. मागाहून उमटणारे डाग शेतकऱ्याकडेच राहिले.

याच जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला मात्र ढगांची कोणी फिकीर करत नाही. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण वीस सेंटिमीटर ते दोन मीटर लांबीच्या लहरी टिपतात. एवढ्या लांब लहरींना ढगातला थेंब जवळपास जाणवतच नाही. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनमधून निघालेला क्षीण संकेत या दुर्बिणीने पकडल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. २१ सेंटिमीटरची ती लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ४८ सेंटिमीटरची झाली होती.

खोडदचे मळभ वेगळेच. एक मोबाइलसारख्या यंत्रांचा रेडिओ-गोंगाट आणि दुसरे, ढगांच्याही खूप वर असलेला आयनांबर. त्यातल्या विद्युतभारित कणांमुळे लांब लहरींची वाट वाकते, चित्र हलते. आणि हा आयनांबर तयार होतो तो मुख्यतः उन्हानेच.