नवे शहर पायाखाली घालताना

कंपनीच्या कामासाठी दोन-तीन वर्षे लंडनला गेलेल्या माणसाचे सुरुवातीचे महिने बहुधा एकाच रेषेवर जातात. घर, भुयारी रेल्वेचे स्टेशन, ऑफिस, सुपरमार्केट आणि परत घर. सोबत गेलेल्या, पण तिथे नोकरी नसलेल्या पत्नीची किंवा पतीची रेषा त्याहून आखूड असते. सहा महिन्यांसाठी मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांची तर कित्येकदा दिवाणखान्याच्या खिडकीशीच संपते. बाहेर गारठा, रस्ते अनोळखी, बोलायला कोणी नाही. मग झोप नीट लागत नाही, गुडघे धरतात, वजन वाढते, कशातच मन लागत नाही. शहर पाहणे ही सुट्टीच्या दिवशी करायची चैन आहे असे समजून ते पुढे ढकलले जाते. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर नव्या जागी आलेल्या माणसासाठी ती औषधाइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे.

परक्या संस्कृतीत गेलेल्या माणसाच्या मनाचा प्रवास मानवशास्त्रज्ञ कालर्व्हो ओबर्ग यांनी १९६० मध्ये टप्प्याटप्प्याने मांडला होता. आधी नवलाई, मग चिडचिड आणि घरची तीव्र ओढ, त्यानंतर हळूहळू जुळवून घेणे. प्रत्येकाचे टप्पे याच क्रमाने येतात असे नाही. मात्र दुसऱ्या टप्प्यात अडकलेला माणूस घराबाहेर पडायचे टाळतो आणि न पडल्यामुळे आणखी अडकतो, हे चक्र डॉक्टरांच्या ओळखीचे आहे.

मेंदूतला नकाशा

नवे शहर ओळखीचे होते म्हणजे मेंदूत नेमके काय होते, याचे उत्तर शोधण्यात लंडनचाच मोठा वाटा आहे. १९७१ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात विशिष्ट पेशी आढळल्या. उंदीर एका ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी जागी होते, दुसऱ्या जागी दुसरी. पुढे २००५ मध्ये नॉर्वेतील मे-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच एन्टोऱ्हायनल कॉर्टेक्समध्ये आलेखाच्या कागदासारखी जाळी आखणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. 'मी कुठे आहे' आणि 'इथून तिथे किती अंतर' हे सांगणारी मेंदूची ही यंत्रणा. या कामासाठी तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसातला पुरावा लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या चालकांनी पुरवला. परवान्यासाठी त्यांना 'नॉलेज' नावाची परीक्षा द्यावी लागते. चॅरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५ हजार रस्ते आणि हजारो ठिकाणे तोंडपाठ करायची असतात. त्यात तीन-चार वर्षे सहज जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दाखवले की, या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. आधीपासूनच मोठा असलेले लोक या धंद्यात येत असतील, अशी शंका होती. म्हणून त्यांनी शिकाऊ उमेदवारांचा काही वर्षे पाठपुरावा केला. २०११ च्या त्या अभ्यासात, जे परीक्षा उत्तीर्ण झाले त्यांच्यातच ही वाढ दिसली. गळालेल्यांमध्ये ती दिसली नाही.

त्याच शहरातल्या बसचालकांचीही तपासणी झाली. तेही दिवसभर लंडनमध्येच गाडी हाकतात, पण ठरलेल्या मार्गावर. त्यांच्या मेंदूत टॅक्सीचालकांसारखा बदल आढळला नाही. घर-ऑफिस-घर या रेषेवर जगणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

मोबाइलवरचा नकाशा या बाबतीत काय करतो, तेही तपासले गेले आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २४ जणांना लंडनच्या सोहो भागातल्या गल्ल्यांतून आभासी वाट काढायला लावून त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. स्वतः रस्ता शोधताना, नव्या गल्लीत वळण घेतले की हिप्पोकॅम्पसची हालचाल वाढत असे. 'आता उजवीकडे वळा' अशी सूचना मिळत असताना तो भाग त्या रस्त्यांची दखल घेत नव्हता. म्हणजे रोज मोबाइलच्या आज्ञेने फिरणारा माणूस शहरात वर्षभर राहूनही मेंदूने पाहुणाच राहू शकतो.

२०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अमेरिकेतील मृत्युनोंदींवर आधारित एक अभ्यास आला. टॅक्सी आणि रुग्णवाहिका चालकांमध्ये अल्झायमरमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण इतर व्यवसायांच्या तुलनेत सर्वांत कमी होते. ठरलेल्या मार्गावरच्या बसचालकांत तसे दिसले नाही. यावरून 'रस्ते शोधा, अल्झायमर टाळा' असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. ही केवळ नोंदींची तुलना आहे, कारण सिद्ध करणारा प्रयोग नाही.

रंगीत नकाशाची फसगत

लंडनमध्ये नव्याने आलेल्यांची आणखी एक अडचण असते, भुयारी रेल्वेचा नकाशा. हॅरी बेक यांनी आखलेला आणि १९३३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेला हा नकाशा वाचायला सोपा आहे, कारण त्यात खऱ्या अंतरांना फाटा दिलेला आहे. लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन ही स्टेशने त्यात वेगवेगळी दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यात चालत पाचेक मिनिटांचे अंतर आहे. जमिनीखालून प्रवास करणाऱ्याच्या मनात शहराची बेटे तयार होतात आणि ती जोडली जात नाहीत. दोन स्टेशने अलीकडे उतरून उरलेला रस्ता चालत कापला की ती जोडली जातात. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही त्यातच पुरी होते.

पाहण्यासारखे तर पावलापावलावर आहे. सोहोच्या ब्रॉडविक स्ट्रीटवर हँडल नसलेला एक पाण्याचा पंप उभा आहे. १८५४ च्या पटकीच्या साथीत डॉ. जॉन स्नो यांनी याच परिसरातले मृत्यू नोंदवले, ते एका पंपाभोवती एकवटल्याचे दाखवले आणि पंपाचे हँडल काढायला लावले. आजच्या साथरोगशास्त्राचे ते एक मूळ. पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये पेनिसिलिन सापडले. ब्लूम्सबरीत महिलांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय होते. १८८९ मध्ये इंग्लंडला गेलेल्या डॉ. रखमाबाई तिथेच शिकल्या. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ मध्ये विकत घेतले. तिथून ब्रिटिश म्युझियमपर्यंत साधारण तासाभराची चाल आहे. अशी एखादी खूण मनात रुतली की आजूबाजूचे रस्तेही लक्षात राहू लागतात.

कॉफीचा कप आणि चार शब्द

चालून दमल्यावर कॅफे येतो. लंडनचे पहिले कॉफीगृह १६५२ मध्ये कॉर्नहिलजवळच्या एका गल्लीत उघडले. बातम्या, व्यापार आणि वादविवाद अशा ठिकाणी इतके रंगू लागले की १६७५ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजाने ती बंद करण्याचा हुकूम काढला आणि लोकांच्या रोषामुळे काही दिवसांतच मागे घेतला. समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ मध्ये घर आणि कामाची जागा यांपलीकडच्या अशा ठिकाणांना 'तिसरी जागा' म्हटले. आपल्याकडचा देवळाचा पार, नाक्यावरची चहाची टपरी आणि मुंबई-पुण्याचे इराणी याच जातीतले.

परदेशी गेलेला माणूस हीच तिसरी जागा गमावून बसलेला असतो. जिवलग मित्र चार आठवड्यांत जोडता येत नाहीत, पण ओळखीचे चेहरे जोडता येतात. कॅनडातील संशोधकांच्या २०१४ मधील एका अभ्यासात कॉफी घेताना काहींना विक्रेत्याशी हसून दोन शब्द बोलायला सांगितले, तर काहींना झटपट काम उरकायला. बोलणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न होते आणि आपण इथले आहोत ही भावनाही त्यांच्यात जास्त होती. म्हणून दर वेळी नवा कॅफे शोधण्यापेक्षा घराजवळचा एक कॅफे धरावा आणि ठरल्या वेळी तिथे जावे. घरी एकटे राहणाऱ्या जोडीदारासाठी हे विशेष महत्त्वाचे आहे. खर्च नको असेल तर वॉर्डातले सार्वजनिक वाचनालय हेच काम करते.

कॉफीचे गणित मात्र सांभाळावे. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालते, गर्भवतींना २०० मिलिग्रॅमपर्यंत. मोठ्या कपातली कॉफी ही मर्यादा पटकन गाठते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर कॉफी टाळलेली बरी. जेवणासोबत चहा-कॉफी घेतली की अन्नातले लोह कमी शोषले जाते. हिमोग्लोबिन कमी असलेल्या स्त्रियांनी जेवण आणि कप यांत तासाभराचे अंतर ठेवावे.

उजेड, थंडी आणि पाय

डिसेंबरात लंडनचा दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो. शरीराचे घड्याळ उजेडावर चालते. म्हणून हिवाळ्यात फिरायला सकाळी किंवा दुपारीच निघावे, ढग असले तरी. त्या काळात तिथले ऊन त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करायला पुरत नाही. ब्रिटनची आरोग्य यंत्रणा सर्वांनाच शरद ऋतूपासून हिवाळाभर रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करायला सांगते. सावळ्या वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घेण्याचा विचार करावा, असेही सुचवते.

मधुमेहींनी नवे जड बूट घालून पहिल्याच दिवशी लांब चालू नये. पायाची संवेदना कमी असेल तर फोड कळत नाही आणि जखम चिघळते. घरी आल्यावर तळवे पाहण्याची सवय ठेवावी. दमा किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी नाक-तोंड मफलरने झाकून निघावे. चालताना छातीत दडपण आले तर थांबावे आणि ते दोन-चार मिनिटांत न ओसरल्यास ९९९ क्रमांकावर फोन करावा. तातडीची नसलेली विचारपूस १११ क्रमांकावर करता येते.

आईवडील वाट चुकले तर

नव्या शहरात पहिल्या काही दिवसांत वाट चुकणे साहजिक आहे, विशेषतः वयस्क माणसांना. त्यावरून त्यांना घरात बसवून ठेवू नये. चिंता करावी अशी लक्षणे वेगळी असतात. महिना उलटूनही त्याच घरात रात्री स्नानगृह न सापडणे, रोज जाणाऱ्या बागेतून परतताना हरवणे, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे. गावी असतानाही असे होत होते का, हे भावंडांना, शेजाऱ्यांना विचारावे. अल्झायमरच्या आजारात हिप्पोकॅम्पस आणि एन्टोऱ्हायनल भाग लवकर बाधित होतात. त्यामुळे ओळखीच्या घरात झाकून गेलेली सुरुवात परक्या जागी उघडी पडते. मात्र एक-दोन दिवसांत अचानक गोंधळ वाढला, तर तो बहुधा स्मृतिभ्रंश नसतो. लघवीतला संसर्ग, रक्तातले सोडियम घटणे, साखर कमी होणे किंवा एखादे औषध ही कारणे असू शकतात आणि त्यावर लगेच उपचार हवेत.

तब्येत ठीक असेल तर सुरुवात सोपी आहे. आठवड्याला एक नवा रस्ता ठरवावा. निघण्यापूर्वी नकाशा एकदा नीट पाहून फोन खिशात ठेवावा. जाताना अधूनमधून मागे वळून पाहावे, कारण परतीच्या वाटेवर तोच रस्ता वेगळा दिसतो. चर्च, पूल, कोपऱ्यावरची बेकरी अशा खुणा मोठ्याने बोलाव्यात. आईवडिलांच्या खिशात घराचा पत्ता, फोन नंबर आणि औषधांची यादी असलेली चिठ्ठी द्यावी. पहिल्या दोन वेळा सोबत जावे. तिसऱ्या वेळी वाट त्यांनी दाखवावी आणि मुलाने मागून चालावे.