मनगट व खांदा : दुखापती आणि त्यांवरील इलाज

सुरत जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड सुरू झाली, की बारडोली, चलथाण, मढी, सायण येथील साखर कारखान्यांकडे उसाने भरलेली वाहने धावू लागतात. हा ऊस तोडणाऱ्यांत डांग, नंदुरबार, धुळे या भागांतून आलेली कुटुंबे पुष्कळ असतात. फडावर नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. एकाने तोडावे, दुसऱ्याने पाला काढून मोळी बांधावी, अशी ही जोडी. एकाचे मनगट मोडले की दोघांची मजुरी बुडते. मुकादमाची उचल मात्र फेडावीच लागते. या धास्तीने माणूस दुखणे अंगावर काढतो, आणि दीड-दोन महिन्यांत बरी होणारी दुखापत जन्माची होऊन बसते. म्हणून या दुखापतींची साधी ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

प्रथम मनगट. पडताना माणूस स्वाभाविकपणे हात टेकतो. साऱ्या अंगाचा भार तळहातावर येतो आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड मनगटाच्या थोडे वर मोडते. मनगटावर उंचवटा येतो, हात वाकडा दिसतो. उतारवयात स्त्रियांची हाडे विरळ होतात. त्यांना शेणाने निसरड्या झालेल्या अंगणात घसरणेही पुरते. आयर्लंडचे डॉक्टर अब्राहम कोलीस यांनी 1814 साली, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी, या मोडीचे अचूक वर्णन करून ठेवले. डॉक्टर जागा बधिर करून हाड ओढून सरळ करतात व सुमारे सहा आठवडे प्लास्टर ठेवतात. हाडाचे तुकडे झाले असतील तर तारा किंवा पट्टी बसवावी लागते.

दुसरी मोड फसवी असते. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी खळगा दिसतो. त्याखाली होडीच्या आकाराचे लहान हाड असते. ते मोडले तरी सूज थोडी असते आणि पहिल्या एक्स-रेत चीर दिसेलच असे नाही. या हाडाला रक्त एका टोकाकडूनच पोहोचते. म्हणून दुर्लक्ष झाले तर ते सांधत नाही. पडल्यावर त्या खळग्यात दाबून दुखत असेल, तर ‘मुरगळले आहे’ म्हणून सोडू नये. हात बांधून ठेवावा व दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा.

न पडताही मनगट दुखते. दिवसभर कोयता आवळून धरल्याने अंगठ्याच्या दोऱ्या त्यांच्या आवरणात घासतात व सुजतात. कधी मनगटातील शीर दबून अंगठा व त्याशेजारची दोन बोटे रात्री बधिर होतात. दोन्हींवर पहिला इलाज विश्रांती व मनगटाला आधाराची पट्टी. त्याने भागले नाही तर डॉक्टर इंजेक्शन देतात, क्वचित लहानशी शस्त्रक्रिया करतात.

आता खांदा. ट्रकला लावलेल्या फळीवरून मोळीसह पडल्यास खांदा निखळतो, बहुधा पुढच्या बाजूला. खांद्याची गोलाई जाऊन तो चौकोनी दिसतो. तो फडावरच हिसका देऊन बसवू नये. हाड मोडलेले असेल तर शीर वा रक्तवाहिनी दुखावते. दवाखान्यात एक्स-रे काढून तो बसवतात व हात काही आठवडे झोळीत ठेवतात. गळ्याजवळचे आडवे हाड, म्हणजे हासळी, मोडल्यास बहुतेक वेळा झोळीनेच सांधते.

ओझे उचलताना कळ येऊन हात डोक्यावर जाईनासा झाला, तर खांद्याची स्नायूंची दोरी फाटली असण्याचा संभव असतो. व्यायामाने बरेच जण सुधारतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. चाळिशीनंतर खांदा हळूहळू आखडत जातो, तो वेगळा आजार. मधुमेह्यांना तो अधिक होतो. म्हणून लघवीवर न थांबता रक्तातील साखर तपासून घ्यावी.

हाडवैद्याविषयी दोन शब्द. त्यांच्यावर आपल्या लोकांचा विश्वास आहे आणि काहींचा हात खरोखरच हलका असतो. पण बांबूच्या कामट्या घट्ट आवळल्या की आत सूज वाढते, रक्त थांबते आणि काही तासांत स्नायू मरू लागतात. अशाने बोटे कायमची आखडतात. प्रसंगी हात कापावा लागतो. बांधल्यावर वेदना वाढत गेली, बोटे सरळ करताना असह्य कळ आली, ती गार, फिकी किंवा बधिर पडली, तर पट्टी तात्काळ सोडावी व इस्पितळ गाठावे. दवाखान्यातील प्लास्टरलाही हाच नियम. ताज्या दुखापतीवर तेल चोळू नये, शेक देऊ नये.

अपघात होताच पुढील गोष्टी कराव्यात :

1. बांगड्या, कडे, अंगठी लगेच काढावी. सूज आल्यावर निघत नाहीत.
2. जाड पुठ्ठा किंवा घडी केलेले वर्तमानपत्र हाताखाली ठेवून सैलसर बांधावे. गमछा किंवा ओढणीची झोळी करावी.
3. सुजेवर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात.
4. हाड बाहेर दिसत असेल, तर स्वच्छ कापडाने झाकून 108 क्रमांकावर गाडी बोलवावी.

सुरतेत मजुरा गेटजवळचे नवीन सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचे स्मीमेर या दोन्ही ठिकाणी हाडांचा विभाग आहे. आयुष्मान कार्ड महाराष्ट्रात काढलेले असले तरी योजनेतील इस्पितळात गुजरातेतही चालते. पण ते भरती होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे.

प्लास्टर असेतो हात उशीवर उंच ठेवावा, बोटे तासातासाला हलवावीत, आत काडी घालू नये. ते काढल्यावर हात ताठ वाटतो. तेव्हा सांगितलेला व्यायाम टाळू नये. अर्धा इलाज तोच आहे.

आणि ज्यांचा ऊस आहे, त्या आमच्या शेतकरी बांधवांना विनंती. कोयत्याची धार बोथट नसावी, मूठ कापड गुंडाळून जाड करावी, फळी ओली व डगमगती नसावी. मजूर पडला तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात पोहोचवावे व उचलीचा हिशेब हात बरा होईपर्यंत थांबवावा. कोयता दुसरा आणता येतो. तो धरणारा हात दुसरा मिळत नाही.