कॉम्फ्री लावण्याआधी: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

इंग्लंडमधल्या सेंद्रिय बागांमध्ये कंपोस्टच्या ढिगाशेजारी केसाळ, हातभर लांब पानांचे झुबके दिसतात. ती कॉम्फ्री. खताची फुकट खाण म्हणून तिचा लौकिक आहे. तिकडे परसबाग करणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणि इथे तिची मुळे मागवू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी काही गोष्टी आधीच पारखून घेतलेल्या बऱ्या.

गैरसमज: कुठलीही कॉम्फ्री लावली तरी चालते.
वस्तुस्थिती: निवड इथेच चुकते. साधी कॉम्फ्री बी टाकते आणि बागभर उगवते. खतासाठी पसंती असते ती रशियन कॉम्फ्री या संकरित प्रकारातल्या ‘बॉकिंग १४’ या वाणाला. सेंद्रिय बागकामाचे इंग्लिश पुरस्कर्ते लॉरेन्स हिल्स यांनी 1950च्या दशकात एसेक्समधल्या बॉकिंग गावी कॉम्फ्रीच्या अनेक वाणांच्या चाचण्या घेतल्या. वाणाच्या नावात गाव आले ते त्यामुळे. हे वाण जवळजवळ बी धरत नाही, म्हणून त्याची लागवड मुळांच्या तुकड्यांपासूनच होते. बियांची पाकिटे ‘बॉकिंग १४’ म्हणून विकली जात असतील, तर ती घेऊ नयेत.

गैरसमज: बी नाही, म्हणजे पसरण्याची भीती नाही.
वस्तुस्थिती: मातीत राहिलेला मुळाचा लहानसा तुकडाही फुटतो. रोटाव्हेटर फिरवला, तर एका झाडाची पन्नास होतात. मुळे खोल जात असल्याने झाड समूळ उपटणे जिकिरीचे असते. म्हणून जागा कायमची ठरवूनच लावावी, दोन झाडांत 60 ते 90 सेंटीमीटर अंतर ठेवावे.

गैरसमज: तागासारखी वाढवून जमिनीत गाडायची.
वस्तुस्थिती: ताग आणि धैंचा हंगामी पिके आहेत, फुलोऱ्याच्या सुमारास ती जागच्या जागी गाडतात. कॉम्फ्री बहुवर्षायू आहे. ती एका जागी राहते आणि तिची पाने कापून दुसऱ्या वाफ्यात नेली जातात. पहिल्या वर्षी फुलांचे दांडे खुडून मुळांना जोर धरू द्यावा. पुढच्या वर्षापासून हंगामात तीन-चार कापण्या मिळतात. पाने दिवसभर सुकवून बटाट्याच्या सरीत घालता येतात किंवा टोमॅटोभोवती आच्छादन म्हणून पसरता येतात. झाकणाच्या डब्यात दाबून ठेवली, तर काही आठवड्यांत काळा अर्क सुटतो. दहा-वीस पट पाणी मिसळून तो झाडांना घालतात. पाने पाण्यात कुजवली तरी चालते, पण त्या पाण्याला भयंकर वास सुटतो.

गैरसमज: ती हवेतला नत्र जमिनीत आणते.
वस्तुस्थिती: कॉम्फ्री शेंगवर्गीय नाही, तिच्या मुळांवर नत्राच्या गाठी नसतात. उलट तिलाच नत्राची भूक मोठी. कापणीनंतर शेणखत किंवा कंपोस्ट दिले नाही, तर पाने रोडावतात.

गैरसमज: खोल मुळांमुळे ती पालाशाचा अखंड झराच आहे.
वस्तुस्थिती: पानांत पालाश भरपूर असतो, हे खरे. हिल्स यांच्या आकड्यांनुसार कोमेजलेल्या पानांत तो 1.19 टक्के, तर शेणखतात 0.32 टक्के. त्याच तुलनेत इंदूर पद्धतीचे कंपोस्टही आहे: 0.81 टक्के. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदुरात घडवलेली ही पद्धत पालाशात कॉम्फ्रीच्या फारशी मागे नाही. शिवाय कॉम्फ्री पालाश निर्माण करत नाही. जमिनीत असलेला उचलून पानांत साठवते. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? खोल थरांतून ती नेमका किती वर आणते, याचे पुरावे मात्र तिच्या कीर्तीच्या मानाने तोकडे आहेत.

गैरसमज: औषधी वनस्पती आहे, मग पाने खाल्ली तर काय बिघडले?
वस्तुस्थिती: युरोपात ती पूर्वी मोडलेल्या हाडांवर बांधत आणि तिचा काढाही पीत. मात्र तिच्यातले पायरोलिझिडीन अल्कलॉइड यकृताला इजा करतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्ये पोटात घ्यायची कॉम्फ्रीयुक्त पूरके बाजारातून काढून घ्यायला सांगितले. तिचा चहा, भाजी, भजी, काहीही करू नये. पाने आणि मुळे खरचटल्या जागेवरही लावू नयेत.

मग कोणी लावावी?
थंड हवा, ओलसर जमीन आणि कायमचा मोकळा कोपरा असेल, तर ‘बॉकिंग १४’ जरूर लावावी. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला जगवायला लागणारे पाणी भाजीपाल्यालाच घातलेले बरे. इथे तेच काम गिरिपुष्प करते, म्हणजे आपली उंदीरमारी. ती शेंगवर्गीय आहे, फांदी खोचली की रुजते, कुंपणाला शोभते आणि छाटलेला कोवळा पाला चटकन कुजतो. रिकाम्या वाफ्यासाठी ताग आहेच, आणि पाणथळ किंवा चोपण जमिनीत धैंचा.